काठाचे दोन नमुने

गिरगाव,
१३ ऑगस्ट १९५६

प्रिय दौलत,

तुझी दोन पत्रं आली, मी उत्तर दिलं नाही. चिंचपोकळीला येतो म्हणालो आणि आलो नाही. तू मला भित्रा म्हणतोस असं तुझ्या चाळीतल्या कांतानं सांगितलं. म्हण. खरंच आहे ते.

मिलसाठी केलेलं ते डॉबीचं, मागावर नक्षी उठवणाऱ्या त्या यंत्राच्या नमुन्यांचं, पुस्तक मी आपल्या दोघांचं मानतो. मागातलं मला ओ का ठो कळत नव्हतं. दुपारी तुझ्या डब्यातली भाकरी-सुकट खात मी ते सगळं तुझ्याकडून शिकलो. मग नियम बांधला: काळी चौकट म्हणजे डॉबीच्या पट्टीत खुंटी ठोकायची, पांढरी म्हणजे जागा मोकळी सोडायची. सगळे नमुने याच रीतीने काढले आहेत, असं पहिल्या पानावर ऐटीत लिहिलंसुद्धा.

सगळे नव्हते. लुगड्याच्या काठाचे दोन नमुने माटुंग्याच्या कमलाकांतनं, माझ्यासारख्याच एका ड्राफ्ट्समननं, काढून पाठवले होते, त्याच्या सवयीप्रमाणे, नेमके उलटे: पांढरी म्हणजे खुंटी, काळी म्हणजे मोकळी. ते पुन्हा काढून बाकीच्यांसारखे करायचं काम माझं. जानेवारीत गोळीबार सुरू झाला. लालबागला मी सैरावैरा पळत होतो, तेव्हा तूच दंड धरून "आधी भुतूर ये रे!" म्हणत मला खोलीत ओढलंस. सुभद्रावहिनींनी चहा दिला. ते कागद तेव्हा माझ्या पिशवीतच होते. पुढे चार दिवस मी पेन्सिल हातात धरली नाही आणि छापखाना घाई करत होता. मी ते तसेच चिकटवून दिले. दोनच तर आहेत, कोण बघतंय, म्हटलं.

मे महिन्यात तू त्यातल्याच एकाप्रमाणे खुंट्या ठोकल्यास. तुला शंका आली होती, पण जॉबर मुकादमानं पुस्तक पुढे केलं. ते कापड मागावर उपडं विणलं जात होतं, त्यामुळे घडीखात्यात जाईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. तीनशे लुगडी, अंग सुलट आणि काठ उलटा. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांत तू पुढे असायचास, मिलवाल्यांना तेवढं निमित्त पुरलं. मुद्दाम नासधूस केली म्हणून तुला काढलं.

त्याच दिवशी मी कमलाकांतचा तो नमुना असलेलं एकतिसावं पान उघडलं. पाहताक्षणी कळलं. पुस्तक मिटलं आणि घरी येऊन पोटभर जेवलो. याची मला फार लाज वाटते, दौलत.

गुरुवारी कोर्टात तुझी सुनावणी आहे. मिलच्या बाजूने साक्षीला मला उभं करणार आहेत. काय बोलायचं ते साहेबांनी काल पढवलं आणि मी मान डोलावली. मी स्वतःला पुरता ओळखतो रे. साहेब समोर बसले की पुस्तकात चूक नाही असंच माझ्या तोंडून निघणार. म्हणून आज, समोर कुणी नाही तोवर, हे लिहून खाली पूर्ण नाव आणि हुद्दा घालतोय. पुस्तकाचं पहिलं आणि एकतिसावं पान सोबत आहे. माझं खोटं बोलून झालं की हे पत्र तुझ्या वकिलाला वाचायला लाव. मोठ्यानं. माझ्याकडे बघून थांबू नकोस.

तुझाच,
चिंतामणी मनमोहन धुरंधर
ड्राफ्ट्समन, विणाई खातं