पहिल्या आठवड्यातला आवाज

मी, श्रीमती मीराबाई लवू घाडीगावकर, वय अडुसष्ट, राहणार लालबाग, मुंबई, माझ्या मागे कोणाला काय मिळावं ते पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहून ठेवते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझं बोलणं स्वच्छ आहे. कोणाला शंका असल्यास साक्षीदारांना विचारावं.

१. माझे पती कै. लवू आमच्या क्रीडा मंडळाच्या कबड्डी सामन्यांचं धावतं वर्णन करायचे. गिरणी बंद पडल्यावर ते पहारेकरी झाले, पण परळपासून शिवडीपर्यंत लोक त्यांना आवाजावरूनच ओळखत. त्यांचा माईक आणि कर्णा मंडळाला द्यावा. कपाटात ठेवू नये, वापरावा.

२. माझ्या बांगड्या व मंगळसूत्र मुलगी अपेक्षा हिला. माझ्या ऑपरेशनच्या वेळी ती रजा टाकून उशाशी बसली होती. मला मिश्री लावायची सवय होती. जिभेच्या कडेला पांढरा चट्टा होता, दुखत नव्हता म्हणून मी लक्ष दिलं नाही. दाढ दाखवायला दातांच्या डॉक्टर सुमेधा कर्णिक यांच्याकडे गेले, तर त्यांनी जीभ बाजूला ओढून पाहिली आणि दाढेचा विषयच काढला नाही. तुकडा तपासला, कॅन्सरची सुरुवात निघाली. मोठ्या इस्पितळात लेझरने तेवढाच भाग काढला. टाके नाहीत, रक्त फारसं नाही. जखम उघडीच ठेवतात, ती आपोआप भरते. लवकर घरी सोडलं.

त्याच सुमारास सुमेधाबाईंना माझ्या पतींच्याही गालात तसाच चट्टा दिसला. यांनी ऑपरेशनची तारीख घेतली, कबूलही झाले होते. पण त्या पहिल्या आठवड्यात माझी जीभ सुजून जड झाली होती. 'र' आणि 'ळ' तोंडातून निघत नव्हते. हे समोर बसून ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुझो आवाज ऐकलंय मी. माझो असो झालो तर मैदानावर माका कोण उभो करतलो?"

मी समजावलं की सूज उतरेल, बोलणं पूर्ववत होईल. पण समजावलं त्याच बोबड्या जिभेने. मी जितकं बोलले तितके ते जास्त घाबरले. तारखेला गेले नाहीत. तो आठवडा त्यांना अपेक्षाकडे धाडलं असतं तर, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

३. माझे दीर कुशाबा यांनी त्यांना सांगितलं की लेझरने आजार आतून पसरतो, आणि गावी मुळी उगाळून देणाऱ्याकडे नेलं. मी स्वच्छ बोलू लागले, पण हे महिनोन्महिने गावीच राहिले; परतले तोवर गाठ जबड्यापर्यंत पोचली होती. मग सुरीच चालवावी लागली. अर्धा जबडा गेला, आवाजही गेला. शेवटच्या मोसमात हे मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसायचे, माईक दुसऱ्याच्या हातात. चढाई रंगली की यांचे ओठ हलायचे. पुढच्या मोसमाला ते नव्हते.

यांचं हातातलं घड्याळ कुशाबा भावोजींना द्यावं. स्मशानात सगळ्यांत जास्त तेच रडले होते. मी त्यांच्याशी तेव्हापासून बोललेले नाही, आणि आता बोलवत नाही. घड्याळ मात्र त्यांचंच.

४. बँकेतली शिल्लक दोन्ही मुलांत सारखी. भांडी अपेक्षाने निवडून घ्यावी, उरतील ती शेजारी वाटावी.

५. राहती खोली मुलगा हितेंद्र याला. तो तंबाखू-सुपारीचा मावा खातो. हल्ली वडा त्याच्या तोंडात मावत नाही, कुस्करून खातो. मला वाटतं ते मी बोलून दाखवलं की तो उठून जातो. म्हणून आधी मी अट घातली होती: तोंड तपासून उपचार घेतले तरच खोली त्याची. वकिलांनी वाचून मला शांतपणे सांगितलं की मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. मी ती अट खोडली. तोवर थांबण्यात काय अर्थ होता?

आज सह्यांसाठी सुमेधाबाई घरी आल्या, तेव्हा मी हितेंद्रला समोर बसवून वरचं सगळं वाचून दाखवलं. या वेळी तो उठून गेला नाही. मग म्हणाला, "आई, माझं बोलणं गेलं तर?"

मी म्हटलं, "मी आत्ता बोलतेय ते ऐक. बाबांनी हे ऐकलं तेव्हा उशीर झाला होता."

त्याने तोंड उघडलं, उघडलं तेवढं. सुमेधाबाईंनी टॉर्च धरला. चट्टा आहे, लहान आहे, तुकडा तपासावा लागेल म्हणाल्या. सोमवारी मी त्याच्याबरोबर जाणार आहे.

खोली कोणत्याही अटीशिवाय त्याची.

मजकूर मी स्वतः वाचला, मान्य आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही केली.

सही: मीराबाई लवू घाडीगावकर

साक्षीदार:
१. डॉ. सुमेधा कर्णिक, परळ
२. रामजी तांडेल, शेजारी, लालबाग

स्थळ: लालबाग, मुंबई
दिनांक: ८ फेब्रुवारी २०२५