दोन चष्मे आणि एक ओटा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. गेल्या महिन्यात धरलेली कंबर आता सुटली आहे, त्यामुळे संधी मिळेल तिथे वाकून घेते.) तुझा गुडघा काय म्हणतो? जिना चढताना कटकट वाजतो म्हणाली होतीस, तो आता थांबला की तुला ऐकू येईनासा झाला? भावोजींचा खोकला कसा आहे? त्यांना माझा निरोप सांग, औषधाची बाटली उशाशी ठेवून नुसती बघत बसल्याने खोकला घाबरत नाही. इकडे आम्ही मजेत. आमचे हे रोज सकाळी चालायला जातात, कोपऱ्यावरच्या बाकावर तासभर बसतात आणि दमून परत येतात.

आता मुख्य बातमी. बसली आहेस ना? ताई, मला दुकानातून चष्मा मिळाला आहे! डोळ्यांच्या डॉक्टरचा नव्हे, तो तर आहेच, त्याच्यावरून लावायचा. पाव किलो वजनाचा, काळा, पोहणाऱ्यांचा असतो तसा. तो लावून रिकाम्या खोलीत उभं राहायचं आणि बोटाने हवेत टिचकी मारायची, की समोर आख्खं स्वयंपाकघर उभं! ओटा, बेसिन, वरची कपाटं, खालच्या ट्रॉल्या, सगळं जागच्या जागी. फिरून बघ, वाकून बघ, कपाटाचं दार उघडून आत डोकं घाल (मी घातलं, आणि मागच्या खऱ्या भिंतीवर आपटलं). रंग आवडला नाही तर बोट फिरव, दुसरा. ओटा उंच वाटला तर कडेला चिमटीत धर आणि खाली ओढ. आणि चष्मा काढला की काही नाही, पुन्हा चार भिंती. बावीस वर्षं मी लोकांच्या घरी टेप लावून मापं घेतली, कागदावर चौकोन काढले आणि "हे बघा, हा चौकोन म्हणजे तुमचा फ्रिज" असं सांगितलं. लोक मान हलवायचे आणि फ्रिज आल्यावर म्हणायचे, असा नव्हता सांगितला. आता सांगायची गरजच उरली नाही!

शिकताना थोडी तारांबळ उडाली हे कबूल करते. पहिल्या दिवशी दुकानात समोरच्या ओट्यावर चहाचा कप ठेवला. ओटा नव्हता. दुसऱ्या दिवशी मी सावध होते, हाताने चाचपून खात्री करणार होते, पण तेवढ्यात फोन वाजला आणि दुसरा कप गेला. तिसऱ्यापासून मालकांनी मला कागदी पेल्यात चहा द्यायला सांगितलं. चष्मा घरी आणून यांनाही लावला. बैठकीच्या खोलीत मधोमध मोठा फ्रिज उभा केला. हे दोनदा त्याच्याभोवती फिरले, "जागा फार खातो" म्हणाले, आणि चष्मा काढल्यावरही दोन दिवस तिथून जाताना अंग चोरून जात होते.

पण मालकांना माझ्या कौतुकात रस नव्हता. त्यांनी सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत चष्म्यावर एक तरी काम मिळवून दाखवा, नाहीतर गोदामात जा आणि बिजागऱ्या निवडा. (गोदामात खिडकी नाही, आणि तिथला माणूस दिवसभर शिट्टीवर एकच गाणं वाजवतो.) त्यामुळे पुढे जे झालं त्यात मी किती जीव मुठीत धरून होते ते तुझ्या लक्षात येईल.

गिऱ्हाईक मिळालं ते असं. जहाजावर चाळीस वर्षं स्वयंपाक करून निवृत्त झालेले एक गृहस्थ. मी त्यांना मनात आचारीबुवा म्हणते. वय सहासष्ट, उंची सव्वासहा फूट, दारातून येताना सवयीने मान वाकवतात. आणि त्यांच्याबरोबर दातांच्या डॉक्टरबाई, वय एकसष्ट, उंची चार फूट दहा इंच, तीही टाचांसकट. हे दोघं लग्न करणार होते! दोघांचंही पहिलंच. बुवा दाढ दुखते म्हणून त्यांच्या दवाखान्यात गेले, तासभर तोंड उघडायला तयार नव्हते, आणि एकदा उघडलं ते आजवर मिटलेलं नाही, असं डॉक्टरबाईच म्हणाल्या. पुढच्या शुक्रवारी कचेरीत जाऊन सह्या करायच्या आणि थेट नव्या घरात राहायला जायचं ठरलं होतं. नवं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. ताज्या रंगाचा वास, खिडकीला पडदा नाही, आणि स्वयंपाकघरात फक्त एक नळ.

मी दोघांनाही एकेक चष्मा लावला. चष्म्यातलं चित्र मला दाखवणाऱ्या हातातल्या छोट्या पडद्याची बॅटरी उतरली होती, म्हणून तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावला आणि मी दारात उभी राहिले. ताई, काय सांगू! मला दिसत होती नुसती रिकामी खोली आणि तिच्यात हवेला चिमटे काढणारी दोन म्हातारी माणसं, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद असा, की मला वाटलं आपणही लग्न करावं. (आपलं झालं आहे हे नंतर आठवलं.) बुवांनी हवेत काहीतरी धरून वर उचललं. बाईंनी काहीतरी धरून खाली ढकललं. आणि दोघं एकदमच म्हणाले, "हां, आता अगदी बरोबर!"

"रंग किती शांत आहे नाही?" बुवा म्हणाले.

"अगदी माझ्या मनातला," बाई म्हणाल्या.

असं अर्धा तास चाललं. हे म्हणाले छान, त्या म्हणाल्या फारच छान. शेवटी बुवा मला म्हणाले, "चाळीस वर्षांत कोणाशी इतकं जमलं नव्हतं हो. आमच्या खलाशांचं मिठावर कधी एकमत झालं नाही." बाईंच्या चष्म्याच्या काचा आतून धुरकट झाल्या होत्या. दोघांनी बोटाने मंजुरीची खूण केली, नकाशा परस्पर मिस्त्रींकडे गेला, आणि मी जिना उतरताना दोन-दोन पायऱ्या एकदम उतरले. कंबरेनेही तक्रार केली नाही.

शनिवारी काम बसलं. दुपारी दोघं बघायला आले, मी पेढे वाटण्याच्या थाटात हसत दार उघडलं. ओटा राखाडी, स्टीलचा, एक्केचाळीस इंच उंच. बुवा त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि त्यावरून असा हात फिरवला, जणू जुना मित्र भेटला. मग डॉक्टरबाई पुढे झाल्या. ओटा त्यांच्या काखेपर्यंत आला. त्यांनी दोन्ही हात वर करून ओट्यावर ठेवले आणि तशाच उभ्या राहिल्या, पोहायला शिकणारी मुलं काठ धरून राहतात ना, तशा.

"हा कोणाचा आहे?" त्यांनी विचारलं.

"आपला," बुवा म्हणाले. "आपण दोघांनी ठरवलेला."

"मी पिवळा ठरवला होता. आणि इथे," असं म्हणून त्यांनी कमरेशी हात धरला.

बुवा म्हणाले, तुम्ही तर दर वेळी छान म्हणत होता. बाई म्हणाल्या, तुम्हीही म्हणत होता. बाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही नुसतं माझं मन राखायला होकार देत होता. असं आणखी कशाकशाला हो म्हणालात?" बुवांचा चेहरा असा उतरला की सव्वासहा फुटांचा माणूस पावणेसहाचा झाला. ते म्हणाले, "मी? तुम्हीच हो म्हणालात, आणि आता..." बाईंनी पर्स उचलली. शुक्रवारचं जरा पुढे ढकलू या, एवढंच म्हणाल्या. आवाज मात्र दवाखान्यातला होता, भूल देण्याआधीचा.

मी तोवर पडदा उघडून बसले होते. आणि तिथे काय, एकाच घराच्या नावावर दोन स्वयंपाकघरं! एक राखाडी, एक पिवळं. एक एक्केचाळीस इंच, एक एकतीस. दोघांना एकच चित्र दाखवायचं असेल तर आधी 'एकत्र पाहा' असं बटण दाबावं लागतं, नाहीतर प्रत्येकजण आपापल्या चष्म्यात आपापलं बघत राहतो. हे माहितीपुस्तिकेच्या एकोणिसाव्या पानावर दिलं आहे. मी अकराव्या पानापर्यंत वाचली होती. (बाराव्या पानावर स्वच्छतेच्या सूचना होत्या, मला वाटलं आता पुढे तेच असणार.) मंजुरीची खूण दोघांनीही केली, बुवांची नंतर पोचली, म्हणून मिस्त्रींना बुवांचा नकाशा गेला.

खरं सांगते, क्षणभर मनात आलं की गप्प बसावं. यंत्र बिघडलं म्हणावं. यंत्राला कोण गोदामात पाठवणार? पण डॉक्टरबाई दाराशी पोचल्या होत्या आणि बुवा ओट्याकडे तोंड करून उभे होते, आणि त्यांच्या पाठीकडे बघवेना. मी ओरडलेच, "थांबा! कोणीही खोटं बोललेलं नाही, चूक माझी आहे!" आणि सगळं सांगून टाकलं, अकराव्या पानासकट.

डॉक्टरबाई दारातून परत आल्या. मी दोन्ही चष्मे त्यांच्या हातात कोंबले आणि आदलाबदल केली, म्हणजे बुवांना बाईंचं स्वयंपाकघर आणि बाईंना बुवांचं. म्हटलं, आधी बघून घ्या, मग माझ्यावर रागवा. बुवा एकतीस इंचांच्या ओट्यापुढे उभे राहिले. म्हणजे ओटा दिसत होता त्यांना. मला दिसत होता गुडघ्यात वाकून हवेत भाजी चिरणारा माणूस. बाई बुवांच्या स्वयंपाकघरात इकडे तिकडे फिरत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "इथे खिडकीपाशी खुर्ची कशाला?"

"तुमच्यासाठी," बुवा वाकलेल्या अवस्थेतच म्हणाले. "मी करीन, तुम्ही बसा. दिवसभर उभ्याने दात बघता."

"पण स्वयंपाक मी करणार होते!" बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं दोनदोनशे माणसांना जेवू घातलंत. आता तुम्ही बसायचं. मी तुमच्यासाठी दाराशी खुर्ची ठेवली आहे, बघा. मोठ्या मापाची."

ताई, त्या दोघांनी रंग ठरवला होता, कपाटांच्या मुठी ठरवल्या होत्या, चमच्यांच्या खणाला कप्पे किती ते ठरवलं होतं, पण रांधायचं कोणी हे एकमेकांना विचारलंच नव्हतं! बुवा सरळ झाले (कंबर धरून, मला त्यांचं दुःख कळलं) आणि चष्म्यासकट हसायला लागले. बाईंनी पर्स ओट्यावर ठेवली, म्हणजे हात उंच करून वर टाकली. मग दोघं भांडले, पण कसं, की मी करणार, नाही मी करणार. असलं भांडण ऐकायला मी तिकीट काढून गेले असते.

तोडगा मीच काढला, 'एकत्र पाहा' बटण तीनदा दाबून. खिडकीकडचा अर्धा ओटा राखाडी, एक्केचाळीस इंच. दाराकडचा अर्धा पिवळा, एकतीस. मिस्त्री म्हणाले, बाई, हा ओटा आहे की जिना? पण त्यांनी बुधवारपर्यंत कापून, पाय बदलून, जोडून दिला. शुक्रवारी सह्या झाल्या. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. कारकुनाने विचारलं, तुम्ही यांच्या कोण? मी म्हटलं, ओटा.

मालक आधी खूप चिडले. फुकट गेलेला पत्रा त्यांनी मला दोनदा नेऊन दाखवला. पण बुवांच्या घरी ज्यांनी ज्यांनी तो ओटा पाहिला त्यांतल्या चार जोडप्यांनी दुकानात येऊन तसाच मागितला, आणि सोमवारी दारावर पाटी लागली, 'आमची खास कल्पना: दोघांसाठी दोन उंचींचा ओटा'. कल्पना कोणाची ते पाटीवर नाही. असू दे. चष्मा माझ्याकडेच राहिला आणि बिजागऱ्यांना माझं तोंड बघावं लागलं नाही. मी इतकी खुशीत आहे की रस्त्याने जाताना लोकांच्या खिडक्यांतून त्यांचे ओटे मोजते.

तुझ्या गुडघ्याला जप. भावोजींना नमस्कार.

तुझी लाडकी (दुसरी कोणी नाहीच म्हणून),
धाकटी

ता. क. काल सहज त्या दोघांकडे डोकावले. ओटे दोन्ही कोरे करकरीत. मी करणार, मी करणार यात रोज उशीर होतो, म्हणून लग्नाच्या दिवसापासून दोन्ही वेळा बाहेर जेवतात. प्रकृती दोघांचीही सुधारली आहे.

दुसरा ता. क. मालकांना पाचवा ओटा लोकांना दाखवायला नमुना म्हणून एका राहत्या घरात बसवायचा होता. मी तुझं घर सुचवलं. मंगळवारी सकाळी नऊला मिस्त्री तुझा ओटा फोडायला येतील. हे पत्र आमच्या टेम्पोवाल्याच्या हातीच पाठवते आहे, म्हणजे तुला सोमवारी मिळेल. भांडी तेवढी काढून ठेव. भावोजींवर ओरडू नकोस. त्यांनी चार दिवसांपूर्वीच होकार दिला आहे, पण तुला सांगायची त्यांची छाती होईना, म्हणून म्हणाले, तूच एक छानसं लांबलचक पत्र लिही आणि हे शेवटी घाल.