जागृतीचे पुलगाव

आर्वी,
२४ मार्च

तीर्थस्वरूप जयवंताबाईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, पुंडलिकाचा, वाकून जयभीम. इकडे आम्ही दोघेही बरे आहोत, म्हणजे गुडघे सोडून अन्नपूर्णा बरी आहे आणि आवाज सोडून मी बरा आहे. आवाजाचे काय झाले ते सांगण्यासाठीच हे पत्र. तुझी कंबर कशी आहे? परवा फोनवर तुझ्या नवऱ्याचा, आमच्या भाटव्यांचा, खोकला स्वच्छ ऐकू आला, पण तुझा एक शब्द कळला नाही, कारण तू नेहमीसारखा फोन उलटा धरला होतास. (सुरभी, हे वाक्य मोठ्याने वाचले असशील तर तुझ्या सासूबाई आता म्हणतील की फोन सुलटाच होता. वाद घालू नकोस, पुढे वाच.)

बाई, तुला माहीतच आहे की निवृत्त झाल्यापासून आमच्या घरात बोलण्याचे खाते अन्नपूर्णेकडे आणि ऐकण्याचे माझ्याकडे आले आहे. एकतीस वर्षे मी आर्वीच्या बसस्थानकावर माइकपुढे बसून गाड्या पुकारल्या. मी फलाट क्रमांक दोन म्हटले की अख्खी वरात मुकाट्याने दोनवर जायची. आता घरात माझ्या सांगण्यावरून मांजरसुद्धा जागचे हलत नाही. अशात होळीच्या आधी अन्नपूर्णेने गच्चीवर कुरडया वाळत घातल्या आणि मला राखणीला बसवले. चिमण्या आल्या, त्यांना मी हाकलले. माकड आले, त्याने मला हाकलले, पण ते गेल्यावर मी परत आलो. मग आभाळातून एक पांढरा चेंडू आला आणि ऐन मधल्या चादरीवर पडून दोन-तीन ओळींचा भुगा करून गेला. अन्नपूर्णेने खालून विचारले, काय फुटले? मी म्हणालो, काही नाही, आणि चेंडू खिशात घालून भांडायला निघालो.

आमच्या घरामागे नगरपरिषदेची शाळा आहे. तिच्या मैदानावर आजवर फक्त बकऱ्या आणि उमेदवारांच्या सभा पाहिल्या होत्या. त्या दिवशी तिथे वीसेक पोरेपोरी आणि टोपी घातलेली एक तरुण बाई होती. या अंकिता मॅडम. नागपूरच्या आहेत, कॉलेजात बेसबॉल खेळायच्या, आता सहावी-सातवीला शिकवतात. मी तोंड उघडायच्या आत त्याच आनंदाने म्हणाल्या, की काका, तुमच्या गच्चीपर्यंत गेला का चेंडू? मारला कोणी म्हणून मी विचारले, तर सगळ्यांनी एका काटकुळ्या पोरीकडे बोटे केली. तिने बॅट पाठीमागे लपवली होती. बॅट तिच्या डोक्यावरून वीतभर वर दिसत होती. ही जागृती, सातवीतली. आई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाते, बाप नाही. मग मी ओरडलो. बाई, पाच वर्षे साठवलेला आवाज होता तो. बकऱ्या थांबल्या, रस्त्यावरचा ऑटो थांबला. मॅडमने शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या की आम्हाला पंच पाहिजे, असाच आवाजवाला. मी भांडायला गेलतो आणि पंच होऊन घरी आलो. (कुरडयांबद्दल अन्नपूर्णेला अजून माकडच माहीत आहे. कृपया तसेच राहू द्यावे.)

हा खेळ कसा असतो ते तुला सांगतो. क्रिकेट आणि आट्यापाट्यांचे लग्न लावून दिले तर जे लेकरू होईल तो बेसबॉल. मैदानाच्या चार कोपऱ्यांना चार बेस. आमचे बेस म्हणजे गुरांच्या सरकी ढेपेची रिकामी पोती, आत रेती. चेंडूला फटका हाणायचा, मग एकामागून एक पोत्याला पाय लावत पळायचे आणि जिथून निघालो तिथे परत यायचे, त्याला घरी येणे म्हणतात. इतका आटापिटा करून माणूस शेवटी घरीच येतो, त्यामुळे मला हा खेळ पहिल्या दिवशीच पटला.

पण मॅडमने त्यात एक पाचर मारून ठेवली होती. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना धड वाचता येत नव्हते. पोरे वरच्या वर्गात ढकलली गेली, अक्षरे खालीच राहिली. पुस्तक काढले की यांच्या पोटात दुखायचे, बेसबॉल म्हटले की सकाळी सातला हजर. म्हणून मॅडमने नियम केला, की प्रत्येक बेसवर पाटी राहील, पाटी वाचल्याशिवाय पुढे पळायचे नाही. पाट्या त्या खडूने लिहायच्या आणि वाऱ्याने पुसून जायच्या. तेव्हा मी घरून एसटीच्या जुन्या लोखंडी पाट्या नेऊन दिल्या. पुलगाव, हिंगणघाट, समुद्रपूर, तळेगाव, अशा नऊ. (त्या माझ्याकडे कशा आल्या हे सुरभीने विचारू नये. भंगारात जाणार होत्या.) पोरांनी पाठ करू नये म्हणून मॅडम रोज त्यांची अदलाबदल करायच्या.

आता जागृतीचा फटका असा, की चेंडू शोधायला दोघांना पाठवावे लागे. पण पहिल्या पोत्यावर पोचली की ती पाटीकडे बघायची आणि म्हणायची, पुलगाव. पाटीवर हिंगणघाट असो की तळेगाव, ही आपली पुलगावलाच. मागची पोरे यायची, तिच्यावर आदळायची, सगळे बाद. एवढा मोठा फटका मारणारी पोर एकदाही घरी आली नाही. मला ते बघवेना. मी पंच, तरी माझ्या परीने एक सोय केली. ती पोत्यावर पोचली की मी जुन्या सवयीने खणखणीत पुकारायचो, ‘समुद्रपूरकडे जाणाऱ्या प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे!’ जागृती हुशार. समुद्रपूर म्हणायची आणि सुटायची. तीन दिवस ती घरी आली, पोरांनी टाळ्या वाजवल्या, मी घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या. चौथ्या दिवशी मॅडमने मला कडुनिंबाखाली नेले. माझ्या सुनेच्या वयाची बाई, पण मला आमच्या डेपो मॅनेजरची आठवण झाली. त्या म्हणाल्या, ‘काका, तुम्ही तिले पळवून राह्यले. वाचवून नाई राह्यले.’

मी पुकारणे बंद केले. जागृती परत पुलगावला अडकली. पोरांनी तिचे नाव पुलगाव डेपो ठेवले, आणि दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. शाळेतही नाही. पाच दिवस वाट पाहून मी तिच्या घरी गेलो. आई कामावर गेलेली, पोर चुलीपुढे भाकर थापत बसली होती. तिने मला पाट दिला, पाणी दिले, आणि मान वर न करता सांगितले की आई म्हणते वाचता येतच नाही तर सातवीनंतर शाळा पुरे, जिनिंगमध्ये दोघी जाऊ. मी पुष्कळ समजावले. तुझ्यासारखा फटका जिल्ह्यात कोणाचा नाही म्हणालो. तिने भाकर उलटवली आणि विचारले, ‘माह्या मायले येत नाई, आजीले येत नोतं. मोठ्या बायांचं काही अडलं नाई. मंग मलेच काऊन?’ यावर मी एक उत्तर दिले. काय दिले ते इथे लिहीत नाही, कारण सुरभी हे मोठ्याने वाचते आहे. पण त्या उत्तराने ती उठली, हात धुतले आणि म्हणाली, उद्या येतो.

मग रोज चारला ती आमच्या ओसरीवर यायला लागली. बालभारती काढले की तिचा चेहरा पडायचा, म्हणून मी जुने एसटीचे वेळापत्रक काढले. तेवढे एकच पुस्तक मला मनापासून शिकवता येते. त्यात गावेच गावे. ती बोट ठेवायची, मी त्या गावाची हकीकत सांगायचो, पण आधी नाव तिने काढायचे अशी अट. रोहणा तिने दोन दिवसांत काढले. तळेगावला चार दिवस लागले, कारण मध्ये अन्नपूर्णा तिला केस विंचरायला घेऊन जायची. जोडाक्षर आले की रडायची. समुद्रपूरचा द्र तर तिला शत्रूच वाटायचा. मी म्हणालो, अगं, आमचे ड्रायव्हरसुद्धा त्या वळणावर गाडी हळू करायचे. तेव्हा हसली.

गेल्या रविवारी वर्ध्याच्या एका मोठ्या खाजगी शाळेचा संघ आमच्या मैदानावर आला. स्वतःची बस, सगळ्यांना बूट, सगळ्यांना हातमोजे. आमच्याकडे हातमोजे चार, त्यातले दोन डाव्या हाताचे. त्यांच्या बनियनवर पुढे लिहिलेले, धनंजय ट्रॅक्टर्स, आणि पाठीवर, सर्व सुटे भाग मिळतील. पंच मीच, कारण त्यांच्या सरांना माझा आवाज आवडला. मॅडमने पोरांना बजावून सांगितले की आज पाट्या नाहीत, आज नुसते पळा. व्हायचे तेच होत होते. आम्ही सहाने मागे होतो.

शेवटी जागृती आली. दोन चेंडू सोडले, तिसऱ्याला असा हाणला की तो मैदानाच्या टोकाला रचलेल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगात घुसला. त्यांचे दोन गडी ढिगात शिरले, काट्याकुट्यांत चाचपडू लागले. अशा वेळी पोर चालत जरी निघाली तरी घरी यावी. जागृती पहिल्या पोत्यावर गेली आणि थांबली. सगळे ओरडत होते, पळ, पळ. ही तिथे उभ्या असलेल्या मुलाच्या छातीकडे बघत होती. बोट पुढे करून म्हणाली, धनंजय. मग अडली. तो मुलगा घाबरून बनियन ओढू लागला. तरी तिने ट्रॅक्टर्स पूर्ण काढले, रफारासकट. मग सुटली. दुसऱ्या पोत्यावरचा मुलगा पाठमोरा होऊन ढिगाकडे बघत होता. हिने त्याची पाठ वाचली. सर्व, सुटे, भाग, मिळतील. तिसऱ्या पोत्यावर कोणीच नव्हते, तो गडी पऱ्हाट्या उपसायला गेला होता. मला वाटले, आता तरी नुसती पळेल. ती खाली वाकली आणि पोते वाचू लागली. सरकी ढेप, निव्वळ वजन पन्नास किलो. सगळे वाचले बाई, निव्वळसुद्धा. तेवढ्यात चेंडू सापडला. ती घराकडे पळाली, पण चेंडू एक पाऊल आधी आला.

एकतीस वर्षांत गाडी रद्द झाली हे सांगताना माझा आवाज कधी कापला नाही. त्या दिवशी बाद म्हणायला दोनदा तोंड उघडावे लागले. म्हणालो मात्र. मोठ्याने म्हणालो, आणि तेव्हापासून घसा बसला तो बसलाच. पोरे तिच्यावर चिडली होती. मी तिला बाजूला घेऊन विचारले, की बाई, आज पाट्या नव्हत्या, मग थांबली कशाला? ती धापा टाकत होती. म्हणाली, ‘काका, वाचता येऊन राह्यलं होतं. सोडून कशी पळू?’

मॅडम टोपी डोळ्यांवर ओढून बराच वेळ पोती मोजत होत्या. पोती चारच होती.

आम्ही सहाने हरलो. सोमवारी जागृतीची आई शाळेत आली होती आणि आठवीचे बघू म्हणाली. एवढेच म्हणाली, पण पोरगी सध्या रोज शाळेत आहे. ही झाली हकीकत. मी गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या करतो आहे आणि अन्नपूर्णा म्हणते की घरात इतकी शांतता तिने प्रथमच पाहिली. भाटव्यांना जयभीम, सुरभीला आशीर्वाद. कमरेला तेल चोळत जा.

तुझा,
पुंडलिक

ता. क. जागृतीला त्या दिवशी काय उत्तर दिले ते आता सांगतो. मी म्हणालो, माझी मोठी बहीण आहे गिरडला, तिला वाचता येते आणि लिहिताही येते. मी खोटे बोललो, बाई. तुझी शाळा दुसरीत सुटली, आणि कोणामुळे ते मला माहीत आहे. आई मजुरीला जायची, म्हणून तू मला कडेवर घेऊन शाळेत जायचीस, आणि मास्तर म्हणाले की पाटी आण नाही तर पोर आण, दोन्ही नको. तू पाटी घरी ठेवलीस. मला हे आईने सांगितले, तू कधीच नाही.

आणखी एक ता. क. त्या पोरीने माझे खरे मानले. तिने स्वतः तुला पत्र लिहिले आहे, ते सोबत जोडले आहे. तिला तुझ्या हातचे उत्तर पाहिजे, अक्षर बघायचे आहे म्हणते. मी सांगून ठेवले आहे की गिरडचे टपाल फार हळू येते. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडेपर्यंत मी टपाल असेच हळू ठेवू शकतो, त्यापुढे मला जमणार नाही. तेवढ्या वेळात मला खरा कर. जागृती म्हणते, सुरुवात आपल्या नावापासून करावी. तुझ्या नावात एकही जोडाक्षर नाही.

आणखी एक, हे फक्त सुरभीसाठी, मनात वाच. जागृतीचे पत्र वाचून दाखवू नकोस. चारच ओळी आहेत, अक्षर मोठे आहे. ते बाईच्या हातात दे आणि तू पाणी भरायला जा. हाक आली तरी लगेच येऊ नकोस.