गळ्यातली पाटी

५ ऑगस्ट

चि. धाकट्यास अ. आ.

तुझी लेक माझ्याकडे छान रुळली आहे. शाळेचं मात्र विचारू नकोस. गल्लीतले सगळे शब्द पोरांनी वर्गात आणून ओतलेत. तास बुडवणारा म्हणे ‘फुर्रट’ आणि काही बिघडलं की ‘भुसकट झालं’. मुख्याध्यापिकेने हे कानांनी ऐकायचं?

मी पाटी काढली आहे. ‘माझी जीभ घाणेरडी.’ असा शब्द तोंडातून गेला की पाटी गळ्यात, आणि दुसऱ्याला बोलताना पकडून दिल्याशिवाय ती उतरत नाही. आता पोरंच एकमेकांवर डोळा ठेवतात. तपासनीस साहेब येणार आहेत, बघतीलच. तुझी लेक तर हल्ली अगदी गप्प असते, गुणाची आहे.

तुझा लोभ नेहमीचाच, तरी मागून घेते.
ताई

१४ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात मशीनवर बसून वाचलं आणि गिऱ्हाइकाची बाही उलटी शिवली. अगं, ‘भुसकट’ आपल्या लहानपणी गल्लीत कोण ओरडत फिरायचं? मी तर तेव्हा रांगत होतो!

पण गप्प? आमची? ती झोपेतही भांडते. तिच्या पत्रात आता ‘मी ठीक आहे, आपण ठीक असाल’ एवढंच असतं. तिची आई जेवत नाहीये. ताई, खरं सांग, पाटी कोणाच्या गळ्यात आहे? नाहीतर मी तिला न्यायला येतो.

रागावलोय, तरी लोभ तसाच.
धाकटा

२२ ऑगस्ट

चि. धाकट्यास अ. आ.

हो, तिच्याच गळ्यात आहे. पहिल्याच आठवड्यापासून. पोरगी कोणाचं नावच घेत नाही! पोरं तिच्या कानाशी येऊन खुशाल बोलतात आणि पसार होतात. म्हणजे शाळाभर तेच शब्द, आणि मान एकटीची. एक नाव सांग, म्हणून मी विनवलं. नुसती मान हलवते. कोणावर गेली आहे कोण जाणे.

तिच्यासाठी नियम मोडला तर साहेबांपुढे माझं काय राहील? न्यायला येऊ नकोस. तिच्याशिवाय घर खायला उठेल मला.

लोभ कमी केलास तरी कळव.
ताई

३० ऑगस्ट

ती. बाबांस सा. न.

काल साहेब आले होते. आत्या माईकवर शुद्ध भाषेचं महत्त्व सांगत होती. सांगता सांगता तिचा हात लागला आणि पाण्याचा जग साहेबांच्या मांडीवर उपडा झाला. आत्या माईकमध्येच ओरडली, “मेले! पार भुसकट झालं!”

सगळी शाळा माझ्याकडे बघायला लागली. मी पाटीसकट गेले स्टेजवर. पोरांचं नाव कधी घेतलं नाही, आत्याचं घेतलं. तिने चष्मा काढून मुकाट्याने मान वाकवली. साहेब ओल्या पँटीत पोट धरून हसत होते.

आता पाटी आत्याच्या गळ्यात आहे, आणि तिच्यासमोर शिपाईकाकासुद्धा पुस्तकासारखं बोलतात. उतरणार कशी? रात्री जेवताना वाढता वाढता म्हणाली, एकच शब्द बोल गं, माझी बाय, एकच. मी म्हटलं, “आत्या, आपल्या बोलण्याचा आशय मला अवगत झाला नाही.”

आईला म्हणावं, जेव. मला न्यायला येऊ नका, इथे फार मजा आहे.

आपली लाडकी (आत्याची जरा कमी)