झुपक्याच्या डोक्यावरचा पट्टा

ती. अक्का,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, दाजींचा खोकला कुठवर आलाय, आणि नव्या जागेत खिडकीतून ऊन येतं की नुसता शेजाऱ्याचा रेडिओच येतो, ते सगळं सविस्तर कळव. आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात हे पत्र मी दुकानात उभ्याने लिहितोय, कारण बसलं की उठावंसं वाटतं आणि उठलं की कुठे जायचं ते सुचत नाही. (मघाशी एका गिऱ्हाइकाच्या एकाच गालाची दाढी करून त्याला टॉवेल दिला. ओळखीचा होता म्हणून बोलला नाही, नुसता आरशाकडे बोट दाखवून बसून राहिला.) हातात वस्तरा असणाऱ्या माणसाचं चित्त असं सैरभैर असू नये, हे मला कळतं.

तर झुपका. तुझ्या भाच्याला हे नाव दुकानातल्या लोकांनी ठेवलं ते तुला माहीतच आहे. असे केस आपल्या अख्ख्या खानदानात कुणाला नव्हते. दाट, काळे, कसेही वळवा, वळतात. दुकानाच्या काचेवर लावलेले सगळे फोटो त्याचेच. लोक येतात, फोटोवर बोट ठेवून 'असे करा' म्हणतात, मी तसे करतो, ते तसे दिसत नाहीत, तरी पुन्हा येतात. पोरगा एकुलता एक, नकाशे काढायच्या ऑफिसात छान रुळलेला. मागच्या वर्षी तिथल्या कुणाबरोबर तरी ध्यानाच्या शिबिराला गेला. तोंड बंद ठेवून बसायचं आणि आपला श्वास आत कसा जातो, बाहेर कसा येतो, ते बघायचं. मी म्हटलं, बघू दे, त्यात काय बिघडतंय. परत आला तो गप्प गप्प. मला वाटलं, मुलगी असणार. मी हिच्याजवळ मोठ्या मनाने बोलूनही ठेवलं की मुलगी कुणाचीही असो, मी काही आडवा यायचा नाही. आणि तोंडघशी पडलो. पोराला भिक्खू व्हायचंय. घर, नोकरी, केस, सगळं सोडून विहारात राहायचंय.

यात एकच बरी गोष्ट निघाली. आई-वडिलांनी परवानगी दिल्याशिवाय ते लोक कुणालाही घेत नाहीत. हे कळल्यावर मला केवढा धीर आला म्हणून सांगू! हिने मात्र आपली परवानगी दोन दिवसांत देऊन टाकली. (मग कपाटात तोंड घालून रडली. विचारलं तर म्हणाली, चादरी लावतेय.) म्हणजे उरलो मी. मी सरळ विचार केला की त्याने विचारलंच नाही, तर मी देणार कशी? आणि पोटच्या पोराला चुकवायला लागलो. तो उठायच्या आत दुकानात. तो जेवायला बसला की मला कुणाला तरी फोन करायचा असे. तो दुकानात येऊन तोंड उघडणार असं दिसलं की मी ड्रायर लावायचो. एकदा समोर टकलू माणूस बसला होता, तरी लावला. पायाला नुसती भिंगरी लागली होती.

शेवटी त्यानेच डाव साधला. भर गर्दीच्या वेळी येऊन बाकावर बसला आणि नंबर लागल्यावर खुर्चीत चढला. मी कापड बांधलं, पाण्याचा फवारा मारला. आता आपल्या बाबांनी घालून दिलेली रीत तुला ठाऊक आहे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की डोकं त्याचं, हात आपला. विचारायचं, ऐकायचं आणि 'बरं' म्हणायचं. सवयीने मी विचारलं, काय करायचं? तो म्हणाला, "सगळे काढा, बाबा." आणि माझं तोंड, त्याला जन्माचं वळण, 'बरं' म्हणून मोकळं झालं! हातानेही मशीन उचललं आणि कपाळापासून मानेपर्यंत मधोमध एक पट्टा ओढला. केस कापडावर पडले तेव्हा कुठे मी शुद्धीवर आलो. पोटच्या पोराने केसाने गळा कापला, आणि तोही माझ्याच हातून. मी मशीन टाकून अनवाणी पळत सुटलो. (दुकान माझंच आहे आणि आत गिऱ्हाइकं बसली आहेत, हे कोपऱ्यावर गेल्यावर आठवलं.)

तडक विहार गाठला. तिथल्या म्हाताऱ्या भंतेंना सांगितलं की हे 'बरं' धंद्यातलं होतं, बापाचं नव्हतं, ते धरायचं नाही. मला वाटलं, वाद घालतील; मी तयारीने गेलो होतो. ते म्हणाले, बरोबर आहे, असं निसटलेलं आम्ही धरत नाही. आता बोला! भांडायला गेलेल्या माणसाचं ऐकून घेतलं की त्याची फार पंचाईत होते. मग म्हणाले, धापा टाकताय, जरा बसा आणि श्वास बघा. बघितला. आत गेला, बाहेर आला. पाय झोपला, नाक खाजलं, आणि समोर त्यांच्या कानामागे वस्तऱ्याची ही एवढी चीर. (ते एकमेकांची डोकी करतात. हात कुणाचाच बरा नाही.) मला काही बसवेना. ते म्हणाले, सगळं बदलत असतं, धरून ठेवायला गेलं की दुःख होतं. मी म्हटलं, भंते, दुकानात पडलेले केस मी रोज संध्याकाळी झाडूनच टाकतो, पण हा माझा मुलगा आहे.

त्यावर त्यांनी मला त्या परवानगीच्या नियमाची गोष्ट सांगितली, ती सांगायला नको होती. बुद्ध ज्ञान मिळवून आपल्या गावी आले, तेव्हा त्यांच्या लहानग्याने त्यांच्याकडे वारसा मागितला. म्हणून त्यांनी त्याला संघात घेतलं. म्हातारा राजा, म्हणजे बुद्धांचा बाप, त्याचे दोन मुलगे आधीच घर सोडून संघात गेलेले, आता नातूही गेला. तो आला आणि म्हणाला, हे दुःख कातडी कापतं, मग मांस, मग हाड, आणि थेट हाडाच्या आत शिरतं. यापुढे आई-बापांना विचारल्याशिवाय कुणाचं पोर घेऊ नका. बुद्धांनी ते ऐकलं आणि नियम केला. अक्का, मी तिथे ढसाढसा रडलो. आणि मग मला भयंकर राग आला. नियम माझ्या बाजूचा, राजा माझ्या बाजूचा, आणि तरी हरलो मीच, कारण त्या राजाने नातू परत मागितला नव्हता. आम्हाला विचारत जा, एवढंच म्हणाला होता.

तेव्हापासून झुपका तो पट्टा घेऊन फिरतोय. दुसऱ्या कुणाकडून पुरं करून घेत नाही आणि टोपीही घालत नाही. ऑफिसात जातो, भाजी आणतो, मला बघून हसतो. शाळेचे मास्तर म्हणाले, हाच का तो मध्यम मार्ग. कॉलेजची दोन कार्टी 'तसंच करा' म्हणत आली, त्यांना मी हाकलून दिलं. ही माझ्याशी फक्त एकच वाक्य बोलते: हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण पोराला असं अर्धवट हिंडवू नका. इतका शांत मुलगा आणि इतका सैरभैर बाप एका घरात राहणं कठीण आहे.

बाकी सर्व ठीक. दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. तू त्याला चार ओळी खरमरीत लिही. आत्या म्हणून तुझा धाक आहे, तुझं तो ऐकेल. मी 'नाही' म्हटलं तर तो थांबेल गं, खरंच थांबेल. आणि मग रोज जेवताना ते थांबलेलं तोंड मला बघावं लागेल. म्हणून 'नाही' तू म्हण. मी सांगितलं हे मात्र लिहू नकोस.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवायचं राहिलं होतं ते बरं झालं. त्याला काही लिहू नकोस. दुपारी दुकानात कुणी नव्हतं. तो बाकावर पेपर वाचत बसला होता, काही मागायला आला नव्हता. मीच त्याला खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, जा, माझी परवानगी आहे. मग उरलेलं डोकं केलं. कुठे ओरखडासुद्धा उठू दिला नाही. तो रडला, मी नाही रडलो. माझ्या हातात वस्तरा होता. पौर्णिमेला दीक्षा आहे. त्यानंतर आम्ही त्याला वाकून नमस्कार करायचा म्हणे. हिला त्या वेळी मी धरणार आहे, तसं कबूल केलंय. मला कोण धरणार, ते कुणी ठरवलेलं नाही. अक्का, तू ये.