मामंजी, डावीकडं खड्डा!

मामंजी, तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. एकाच घरात राहत होतो, लिहायचं कशाला? आणि बोलायचं म्हटलं तरी पहिली दोन वर्षं मी तुमच्याशी जे काही बोलले ते आत्याबाईंच्या मार्फत. आज लिहायला बसले त्याला कारण सकाळची एक मुलगी. फाटकाशी उभी होते, तर सायकलवाल्या पोरांचा घोळका वाऱ्यासारखा गेला. सगळे हँडलवर ओणवे झालेले, पाठी सपाट. शेवटच्या मुलीचं डोकं इतकं खाली, की तिला पुढच्या चाकाशिवाय काही दिसत नसणार. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, वर बघ!" तिनं दचकून वर बघितलं, हसली आणि "हो, आजी" म्हणत निघून गेली. नंतर माझ्या लक्षात आलं, तो आवाज माझा नव्हता, तुमचा होता.

तुम्ही तार ऑफिसात शिपाई होता. श्रीरामपूरला तेव्हा आपल्याकडचे लोक नुसतं 'टेशन' म्हणायचे. खाकी कोट, डोक्याला पागोटं, खांद्याला चामड्याची पिशवी, आणि आसपासच्या गावांना तारा पोचवायच्या त्या सायकलवरून. मी नेवाशाची, सातवी पास. लग्न होऊन आले आणि वर्षभरात कालव्यापलीकडच्या गावात मुलींच्या शाळेवर नेमणूक झाली. पाच मैल जायचे, पाच मैल यायचे. तुमचे चिरंजीव साखर कारखान्यात पाळीवर, ते सोडायला येणार कधी? आत्याबाई म्हणाल्या, नोकरीचं राहू द्या. आठ दिवसांनी मिशनच्या दवाखान्यातली एक नर्सबाई बदलून चालली होती, तिची बिनदांड्याची सायकल घेऊन तुम्ही दारात उभे राहिलात. "सांग तुझ्या सुनेला," आत्याबाईंना म्हणालात, "पाय पुरत्यात का बघ म्हनावं." मी दोन हातांवर, पदराआड उभी होते.

शिकले लवकर. पण आषाढातला वारा कोणी शिकवला नव्हता. शाळेची वाट मावळतीकडे, आणि वारा मावळतीकडूनच यायचा. सरळ बसलं की जागच्या जागी पायडल मारतोय असं वाटायचं. तुम्ही वाकून चालवता हे मी लांबून पाहिलेलं, म्हणून मीही वाकले. वाकले की डोक्यावरचा पदर कधी मागे उडायचा, कधी डोळ्यांवर यायचा. मग मी त्याचं टोक दातांत धरलं, हनुवटी छातीला टेकवली आणि चाकाकडे बघत मारत सुटले. फार बरं वाटलं. वारा डोक्यावरून जातोय, सायकल पळतेय, आणि मी कडब्याच्या गाडीत घुसले. गाडी चालू असती तर निदान सांगायला तोंड राहिलं असतं. गाडीवान उतरून आला, माझ्याकडे आणि गाडीकडे आळीपाळीने बघत म्हणाला, "बाई, ही सकाळधरनं हितंच उभी हाय की!"

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आत्याबाई माझ्या केसांतून कडबा वेचत होत्या आणि मी मनगटावरच्या बांगड्यांच्या ओरखड्यांना हळद लावत होते. तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. मी पदर ओढला. "इचार तुझ्या सुनेला," तुम्ही भिंतीकडे बघत म्हणालात, "गाडी दिसली न्हाई का?" आत्याबाईंनी विचारलं. मी त्यांच्या कानात सांगितलं. त्या म्हणाल्या, "ती म्हनती, खाली बघत हुते." "खाली काय हुतं बघाया?" पुन्हा माझं पुटपुटणं, पुन्हा आत्याबाई, "चाक, म्हनती." तेव्हा तुमचा संयम सुटला. पहिल्यांदा सरळ माझ्याकडे वळून ओरडलात, "चाक कुटं जातंय पळून? ते हायेच तुज्या खाली! रस्ता बघायचा, रस्ता!" कडबा वेचता वेचता आत्याबाईंचा हात थांबला. सासरा सुनेशी बोलला होता. मला रागावलात याचं वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, पदराआड मला हसूच येत होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही जुन्या पागोट्याचा दोन हात लांब तुकडा फाडून माझ्यापुढे ठेवलात. "पदरावरनं बांध आन् मानंमागं गाठ मार. पदर बी ऱ्हाईल, डोळं बी ऱ्हातील." आणि मला घेऊन निघालात. तुम्ही पुढे, मी मागे, म्हणजे तोंड दिसायचा प्रश्न नाही. वारा लागला तसे तुम्ही वाकलात आणि तसेच ओरडून सांगू लागलात. कमरेतून वाकायचं, मानेतून नाही. कोपरं सैल ठेवायची, बोटं ब्रेकवर. "पाठ मांजरीवानी, मान कोंबड्यावानी!" नजर आधी लांब टाकायची, दहा गाड्या उभ्या राहतील इतकी लांब, मग जवळ आणायची, मग पुन्हा लांब. मान दुखली की खाली नाही घालायची, उठून बसायचं. गाव आलं, वळण आलं, जनावर दिसलं, तरी उठून बसायचं. "वाऱ्याला भिऊन डोळं मिटलं तर वारा काय करनार न्हाई, पर म्हस करंल!" महिन्याभरात मला ते जमलं. मानेची दुखरी शीर मोकळी झाली. वाकलेल्या पाठीवरून सगळा रस्ता दिसायला लागला. कडेची बाभूळ, मधलं दगडाचं टोक, पाटाचं पाणी रस्त्यावर आलेली चकचकीत जागा. शाळेतल्या पोरी सांगायच्या, बाई येतात तेव्हा लांबून नुसतं पागोटंच येताना दिसतं.

पुढच्या वर्षी तुम्ही दोनदा पडलात. एकदा म्हणालात चाक घसरलं, एकदा म्हणालात कुत्रं आडवं आलं. ऑफिसात साहेबांनी बजावलं, तिसऱ्यांदा पडलास तर बसून करायचं काम देईन. बसून राहायचं म्हणजे तुम्हाला शिक्षाच. घरात कोणाला काही कळलं नाही. मला कळलं, कारण ताटातली मिठाची जागा तुम्ही बोटाने चाचपून बघायचात.

त्यानंतरचा तो दिवस. शाळेला सुट्टी आहे, आषाढ भरात आहे. तुम्ही दुपारी घरी येता, पिशवीत तार. माझ्या शाळेच्या गावापुढची एक वस्ती, तिथल्या म्हातारा-म्हातारीचा मुलगा लढाईवर गेलेला आणि वर्षभर त्याचं पत्र नाही. पाणी पिता पिता तुम्ही आत्याबाईंना सांगता, "तारमास्तर पाकीट देताना हसत हुता. पेढं घेऊन ये म्हनला." मग भांडं खाली ठेवता आणि बराच वेळ उठत नाही. मी उठते, पागोट्याचा तुकडा बांधते आणि पहिल्यांदाच आत्याबाईंना मध्ये न घालता बोलते, "मामंजी, मी पुढे होते. तुम्ही माझ्या मागच्या चाकाला चिकटून या. वाराही लागायचा नाही." "मला दिसतंय," म्हणता. मी म्हणते, "हो." आत्याबाई चुलीपुढून म्हणतात, "जावा आता. का तार शिळी करताय?"

कालवा ओलांडला आणि वारा अंगावर आला. मी वाकले. मागून तुमच्या साखळीची करकर येत होती, अगदी जवळ. पहिला खड्डा आला तेव्हा मी हळूच म्हणाले, "खड्डा आहे." वाऱ्याने ते उडवून नेलं आणि मागे तुमची सायकल दणकन आदळली. "काय म्हनलीस?" मग मात्र माझा आवाज निघाला. जन्मात सासऱ्यापुढे चढवला नव्हता असा. "मामंजी, डावीकडं खड्डा! आता गाडी येतीय, कडेला! पुढं पाणी! उठून बसा, वळण आहे!" शेतात खुरपणाऱ्या बाया उभ्या राहून बघायला लागल्या. सून पुढे ओणवी होऊन ओरडतेय, आणि मागे तारवाला सासरा "व्हय! व्हय! बघितलं!" म्हणत येतोय. काय बघितलंत, ते तुम्हालाच ठाऊक.

वस्तीवर खाकी कोट दिसताच म्हातारीने कपाळ बडवायला सुरुवात केली. तार म्हटलं की एकच अर्थ, तेव्हाचे दिवसच तसे होते. पाकीट फोडायचा तुम्हाला अधिकार नव्हता, पण तुम्ही उतरायच्या आधीच ओरडलात, "रडू नगा! मास्तर हसत हुता!" शेजारच्या मळ्यातला इंग्रजी जाणणारा एक माणूस बोलावला. त्याने वाचलं, पोरगा मुंबईला उतरलाय, धडधाकट आहे, शनिवारच्या गाडीने येतोय. म्हातारा मटकन ओट्यावर बसला आणि लहान मुलासारखा हसायला लागला. पेढे कुठले त्या वस्तीवर? म्हातारीने गुळाचा खडा आणला, तुमच्या तोंडात घातला, माझ्या तोंडात घातला, आणि माझ्या गालावरून हात फिरवत तुम्हाला म्हणाली, "लेक का तुमची?" माझं बांधलेलं सगळं सुटून खांद्यावर आलं होतं. मी घाईने पदराला हात घातला. "ऱ्हाऊ दे," तुम्ही म्हणालात. आणि म्हातारीला म्हणालात, "व्हय. लेकच."

त्या रात्री तुम्ही स्वतःच आत्याबाईंना डोळ्यांचं सांगितलंत. मोतीबिंदू होता. पावसाळा संपल्यावर मिशनच्या दवाखान्यात तो काढला आणि जाड भिंगांचा चष्मा लागला. चष्मा लावून घरी आलात तेव्हा माझ्याकडे नीट बघून म्हणालात, "आरं, ही तर लई काळी हाय की!" आत्याबाई दोन दिवस तुमच्याशी बोलल्या नाहीत, मी मात्र चार दिवस हसत होते. पुढे किती वर्षं तुम्ही सायकल चालवलीत. तुम्ही गेल्यावर तिच्यावर बसायची हिंमत घरात मीच केली.

एवढं लिहिलं, आणि आता पाकीट शोधायचं काही कारण नाही. पण लिहायला बसले होते ते एका गोष्टीसाठी, तीच राहिली. त्या दिवशी परत येताना वारा पाठीला होता. वाकायचं काम नव्हतं, पायडलही मारावं लागत नव्हतं. तुम्ही मागे, तोंडात अजून गूळ, काहीतरी गुणगुणत होता. मामंजी, तुम्हाला दिसत नाही हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून कालव्याच्या पुलापासून पार गावाच्या वेशीपर्यंत मी दोन्ही हात सोडून सायकल चालवली. तुम्ही मागून विचारलंत, "पुढं समदं ठीक हाय न्हवं?" आणि मी हात तसेच पसरलेले ठेवून म्हणाले, "ठीक आहे, मामंजी."