हेल्मेट काढून बिबडे भरले

पाचोरा, मंगळवार, दिवेलागण

नातवाच्या डोक्याला आठ टाके! नितीन आज व्हिएतनामहून फोनवर दिसला तो डोक्याला पट्टी बांधूनच. नोकरीला जाऊन वर्ष नाही झालं, तर मोटारसायकलवरून पडला.

"हेल्मेट कुठे होतं तुझं?" सून ओरडली.

"इथले लोक घालतात गं आई. आम्ही बाहेरून आलेले बठ्ठे असेच फिरतो."

मी म्हटलं, "मग रस्ता काय तुला पाव्हणा समजून मऊ होणार होता?"

हसला मेला. आठ टाके, आणि हसतो.

सून सोडेना. "अरे, इथून चांगलं घेऊन दिलं होतं ना?"

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "घरी विसरलो."

खोटं. निघायच्या दिवशी त्याच्या बॅगेतून ते मीच काढलं आणि त्या जागेत बिबडे भरले. ज्वारीचे असे पापड तिकडे कोण देणार त्याला, म्हणून. पोहोचल्यावर त्याला कळलं, तेव्हा आम्ही दोघं फोनवर हसलोसुद्धा. हेल्मेट माळ्यावर आहे. त्यात मी लसूण ठेवते.

आणि आज सुनेसमोर मी गप्प बसले. मी! जिचं तोंड गल्लीत कुणाला बंद करता आलं नाही.

तिकडे काय दुकानं नाहीत? डोकं त्याचं, दुसरं त्यानेच घ्यायचं होतं. हे मी त्याला सुनावणारच. पण आठ टाके...

लसूण सुपात ओतला. सून भाकरी थापतेय. हेल्मेट तिच्या पुढ्यात नेऊन ठेवते, मग बोलते.